जावयाची पहिली खरडपट्टी

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासूनची खोड. खुर्ची दिली तर मी खुर्चीभोवती फिरते, झोपले तरी पायाचे अंगठे हलत राहतात. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, "तुला एकदा खिळा ठोकूनच बसवायला हवं." ते गेले, खिळा ठोकणारं कुणी राहिलं नाही, आणि माझी भिंगरी आणखीच सुटली. पण यंदा माझी जी येरझार चालली होती ना, ती खोडीमुळे नव्हती. ती भीतीमुळे होती. माझी एकुलती एक लेक, ठकी, हे शहर सोडून निघून जाईल, ही भीती.

आधी कामाचं सांगते, म्हणजे बाकीचं कळेल.

आमच्या कारखान्यात बिनमटणाचं मटण बनतं. हसू नका, सगळे हसतात. वाटाण्याचं आणि सोयाबीनचं पीठ शिजवून, दाबून, ओढून त्याला मटणासारखे धागे आणतात. मग त्यात खोबऱ्याचं तेल, मीठ, बिटाचा रंग, वासाची पूड घालतात आणि गोल पॅटी पाडतात. हे सगळं एकत्र धरून ठेवतो तो डिंक. झाडाचा नव्हे. ही एक पांढरी भुकटी असते, तिचं खरं नाव घेताना जिभेला गाठ बसते, म्हणून आम्ही तिला डिंक म्हणतो. चिमटीभर जास्त पडला की पॅटी चपलेच्या तळव्यासारखी होते, आणि चिमटीभर कमी पडला की तव्यावर सगळा भुगा.

या भुकट्या मोजून सोडायची जी खोली, ती माझी. मापाची खोली. एका बाजूला हॉपर, म्हणजे पत्र्याची मोठाली नरसाळी, ओळीनं उभी. समोरच्या भिंतीवर पॅनेल. पॅनेलवर प्रत्येक भुकटी किती वेगानं सुटतेय त्याची एक रेघ चालते. रेघ सरळ चालली की माझा जीव थाऱ्यावर, रेघ हलली की मी हलले. त्या खोलीत माझा शब्द शेवटचा. नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी मी त्याची अशी बिनपाण्यानं करते की तो घरी जाऊन नुसता पाणी पीत बसतो. आमची यंत्रं दुरुस्त करणारा मिस्त्री माझ्या त्या पहिल्या दिवशीच्या बोलण्याची नक्कल करतो, आणि मेला करतोही चांगली.

अशा त्या खोलीत आमचे जावई कामाला आले.

ते आधी एका छापखान्यात होते. ठकीचं लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत तो छापखाना बंद पडला. जावयांचा थोरला भाऊ दूरच्या शहरात असतो, विमानानंच जावं इतक्या दूर. तो रोज फोन करायचा. इकडे या, गोदामात काम आहे, राहायला खोली आहे. त्यात ठकीला दिवस गेले. मी आमच्या मॅनेजर मॅडमच्या मागे अशी हात धुऊन लागले की शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "बरं बाई, घेते तुमच्या जावयाला. पण थोडे दिवस बघणार. जमलं तर कायम, नाही तर नमस्कार."

ठकी मला स्पष्टच म्हणाली, "आई, हे कायम झाले तर आम्ही इथेच. नाही झाले तर बाळंतपणाच्या आधीच जावं लागेल, नंतर तान्ह्या बाळाला घेऊन एवढा प्रवास नको."

म्हणजे सगळं जावयांच्या नोकरीवर येऊन टेकलं. ती राहिली तर लेक दोन गल्ल्या पलीकडे, नातवंड माझ्या मांडीवर. ती गेली तर मी आणि माझी रिकामी खोली, आणि फोनवर दिसणारं बाळ.

जावई फार सालस माणूस. आवाज कधी चढत नाही, मान खाली. कारखान्यात सगळे त्यांना 'पाहुणे' म्हणायला लागले, आणि तेही हसून ओ द्यायचे. पहिल्या दिवशी ते नवी टोपी, नवे बूट घालून माझ्यासमोर उभे राहिले, आणि मी काय केलं? मी त्यांना चहा दिला. "बसा ना," मी म्हणाले. खोली घर दाखवावं तशी दाखवली. हे मीठ, हे बीट, हा डिंक, पोतं असं कापायचं, इथून ओतायचं, काही अडलं तर विचारा, संकोच करू नका. मिस्त्री दारात उभा राहून ऐकत होता.

"आज बोलणी नाहीत वाटतं?" तो म्हणाला.

मी डोळे वटारले. तो हसत हसत निघून गेला.

दोन-तीन आठवडे ठीक गेले. मग तक्रारी यायला लागल्या.

आमचा माल घेणारी एक मोठी कंपनी आहे, ती कचेऱ्यांची आणि इस्पितळांची उपाहारगृहं चालवते. तिथली खरेदीवाली बाई फोनवर म्हणाली की तुमच्या एकाच खोक्यातली एक पॅटी चावत नाही आणि दुसरी पलटताना मोडते. मॅडम माझ्याकडे आल्या. मी पॅनेल बघितलं तर काय, डिंकाची रेघ! मीठ सरळ, बीट सरळ, सगळी कशी शहाण्यासारखी चाललेली, आणि डिंक तेवढा वर जातोय, खाली येतोय, पुन्हा वर.

मिस्त्रीनं तो हॉपर खोलला. भुकटी पुढे ढकलणारा स्क्रू बाहेर काढला, पुसला, परत बसवला. तपासणीची वजनं आणून हॉपरखालचा काटा तपासला. काटा अगदी बरोबर. तो असेपर्यंत रेघ दोरीनं आखल्यासारखी. तो हात पुसत बाहेर पडला, काम सुरू झालं, आणि थोड्या वेळात रेघ पुन्हा हलली.

"हे यंत्र माझ्यावर दात धरून आहे," मिस्त्री म्हणाला.

पुन्हा खोललं. तारा बदलल्या. वाऱ्यामुळे काटा हलत असेल म्हणून पंखा बंद केला, दाराला पट्टी लावली. डिंक दमट होऊन अडकतो की काय म्हणून नवं पोतं फोडलं. मिस्त्री दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, खोली रिकामी असताना बघायचा, आणि तेव्हा सगळं आलबेल. त्याचं तोंड उतरत चाललं होतं. मॅडम त्याला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत तुम्हाला एक काटा नीट करता येत नाही?" इतर वेळी तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस, पण त्या दिवशी नुसता पान्हा उचलून निघून गेला. मला त्याची दया आली.

आणि माझं विचाराल तर माझी झोप उडाली. घरी भांडी घासली की पुन्हा घासायची. दार लावलं की उघडून बघायचं, लागलंय का. ठकीकडे जायचं, दारातून बघून परत यायचं. ठकी म्हणायची, "आई, अगं बस की जरा, माझंच डोकं फिरतंय तुला बघून." पण बसवतच नव्हतं. खोलीत पॅनेलसमोर उभी राहिले की नजर त्या रेघेवरून हटत नव्हती. हॉपरांकडे माझी पाठ. तिकडे जावई पोती ओतायचे. तसंही मी त्यांच्याकडे फार बघत नव्हते. दुसरा कुणी असता तर मानगुटीवर बसले असते, पण जावयाच्या मागे मागे फिरून त्याचं काम कोण बघतं? बरं दिसतं का ते?

शेवटी खरेदीवाली बाई म्हणाली, मी स्वतः येऊन एक पूर्ण पाळी बघते. समोर माप टाका, समोर पॅटी पाडा, मी समोर तळून बघते.

मॅडमनी मला बोलावलं. "उद्या रेघ हलली तर हे गिऱ्हाईक गेलं. आणि तुमच्या पाहुण्यांचं काय करायचं तेही मी उद्याच ठरवणार. यंत्र ठीक आहे असं मिस्त्री शपथेवर सांगतो. मग माणसाचंच काहीतरी असेल ना?"

"ते सांगितलेलं सगळं मन लावून करतात हो," मी म्हणाले.

"मग डिंक आपोआप नाचतोय का?"

मी परत खोलीत जाऊन त्या रेघेसमोर उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना मी ठकीकडे डोकावले. जावई पुढे गेले होते. ठकी अवघडल्या अंगानं ओट्याशी उभी, डबा भरत होती. "एवढा नेऊन दे गं, विसरून गेले," ती म्हणाली. "आणि एक सांगू? त्यांना म्हणू नकोस मी सांगितलं म्हणून. त्यांची टाच फार दुखतेय. छापखान्यात बसून काम होतं ना, एवढं उभं राहायची सवय नाही. रात्री गरम पाण्यात पाय घालून बसतात. म्हणाले, आईंना सांगू नकोस, त्यांना वाटेल जावई नाजूक आहे. कामावर म्हणे कशाला तरी टेकून वेळ काढतात."

मी डबा घेतला आणि निघाले. बिचारा, एवढंच मनात आलं. टाचेला लावायला काय द्यावं याचा विचार करत मी कारखाना गाठला.

खरेदीवाली बाई उंच, कमी बोलणारी. तिला टोपी, कोट, बुटांवरचं प्लास्टिक सगळं घालून मॅडमनी माझ्या खोलीत आणलं. दोघी माझ्या बाजूला पॅनेलसमोर उभ्या. मिस्त्री दारात. यंत्र सुरू झालं, आणि यंत्र सुरू झालं की त्या खोलीत स्वतःचा विचार स्वतःला ऐकू येत नाही. जावयांच्या कानात बोळे. त्यांनी पोती ओतली. रेघा निघाल्या.

सरळ. सगळ्या सरळ. मी श्वास रोखून उभी. खरेदीवाली बाई रेघेकडे बघत होती, मॅडम तिच्याकडे, आणि मी देवाला काय काय कबूल करत होते ते मलाच आठवत नाही. बराच वेळ असाच गेला. मला वाटलं, सुटलो.

आणि डिंकाची रेघ वर चढायला लागली.

माझं धाबं दणाणलं. स्क्रू भराभर फिरतोय, डिंक जास्त पडतोय. का? हॉपरचं वजन जेवढं घटायला हवं तेवढं घटत नाही असं काट्याला दिसतंय म्हणून. आणि ते का? वजन घटत का नाही? वरून कुणी काही ठेवलं तरच असं...

टेकून. कशाला तरी टेकून वेळ काढतात.

मी गर्रकन वळले. आमचे जावई दुखरी टाच उचलून, डाव्या हाताचा पंजा डिंकाच्या हॉपरच्या कडेवर ठेवून, अंगाचा भार त्यावर टाकून, सगळ्यांसमोर अगदी मन लावून भुकटीची पातळी बघत उभे होते.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगायचं की लगेच. कसं सांगायचं? शेजारी मॅडम, शेजारी गिऱ्हाईक. महिनाभर ज्यामुळे माल परत येतोय ती गोष्ट या माणसाचा पंजा आहे, हे त्यांच्यासमोर उघडं करायचं? म्हणजे जावयांना नमस्कार, ठकी विमानात. आणि गप्प राहिले तर रेघ चढतेच आहे.

मी हळूच म्हणाले, "अहो, ऐकलंत का, जरा हात..."

त्या धडधडाटात ते त्यांना काय ऐकू जाणार! माझे ओठ हलताना तेवढे दिसले. ते नेहमीसारखे नम्रपणे हसले, आणि सासूबाई काय म्हणतायत ते नीट ऐकू यावं म्हणून पुढे वाकले. वाकताना दुसराही हात हॉपरवर ठेवला.

रेघ सरळ छताकडे निघाली.

"हात काढ, गाढवा!" मी किंचाळले. "काट्यावर टेकतोस? काढ ते हात! काढ म्हणते ना!"

कानात बोळे होते तरी ते ऐकू गेलं. मला वाटतं बाहेर रस्त्यावरही गेलं असेल. जावयांनी चटका बसल्यासारखे दोन्ही हात वर केले आणि तसेच उभे राहिले. चेहरा पांढरा पडला. रेघ आधी धाडकन खाली कोसळली. कोसळणारच, हात गेला की काट्याला वाटतं एकदम ढीगभर डिंक गेला, मग तो स्क्रू मंद करतो, आणि मग पॅटीचा भुगा. म्हणजे टेकला की रबर, हात काढला की भुगा. एकाच खोक्यात दोन्ही कसे येत होते ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मग रेघ हळूहळू वर आली आणि जागेवर बसली. त्यानंतर ती हलली नाही.

"एवढ्या वेळातला माल बाजूला काढा," मी खाली पॅटी पाडणाऱ्यांना निरोप दिला. "पुढचा द्या बाईंना."

खरेदीवाल्या बाईनं पुढच्या पॅटी तळल्या. दाबल्या, पलटल्या, मोडून बघितल्या. "हे असं हवंय," ती म्हणाली. "रोज असं मिळणार असेल तर मी घेईन." आणि टोपी काढून निघून गेली.

मॅडमनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. मी, जावई, मिस्त्री. जाताना मिस्त्री माझ्या कानाशी लागला, "तारेचं टोक सैल होतं असं सांगू का? बिघाड माझ्या माथी आहेच, आणखी थोडा. पोरीचं बघा तुमच्या." मी त्याच्याकडे बघितलं. खरं सांगते, मोह झाला. क्षणभर 'सांग' असं ओठांवर आलं होतं. पण ज्याला महिनाभर काही न करता बोलणी बसली, त्याच्याच पाठीवर आणखी ओझं घालायचं? एवढं काही माझं मन मेलेलं नाही.

"मॅडम, चूक माझी..." जावई बोलायला लागले.

"तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले. "मॅडम, हे हॉपर काट्यावर उभे असतात, जमिनीवर नाही. वजन किती घटतं त्यावरून यंत्र माप टाकतं. त्याला हात लावायचा नाही, टेकायचं नाही, फुंकरसुद्धा मारायची नाही. हे मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिव्या घालून सांगते. यांना सांगितलंच नाही. छापखान्यातून आलेल्या माणसाला आपोआप कसं कळणार ते?"

"सगळ्यांना सांगता, मग यांनाच का नाही?"

"जावई आहेत ना."

मॅडम खुर्चीतून पुढे झाल्या. "म्हणजे महिनाभर आपल्या पॅटीचा भुगा झाला, गिऱ्हाईक तुटायला आलं, या मिस्त्रीला मी नाही नाही ते बोलले, ते तुम्हाला जावयाला बोलायची लाज वाटली म्हणून?"

"हो," मी म्हणाले. काय सांगणार दुसरं?

मिस्त्रीला हसू आवरेना, तो छताकडे बघायला लागला. जावई मात्र हसले नाहीत. मॅडमनी पेन्सिल टेबलावर आपटली. मग म्हणाल्या, "सासू-जावई एका खोलीत नकोत. दोघांपैकी एकजण तिथे राहील. पाहुणे राहिले तर मी महिनाभर त्यांची एकट्याची रेघ बघणार आणि मग कायमचं ठरवणार. तुम्ही राहिलात तर त्यांना द्यायला माझ्याकडे दुसरी जागा नाही. पॅकिंगमध्ये एक बाई हवी आहे, एवढंच."

पॅकिंग म्हणजे काय माहीत आहे का? एका उंच स्टुलावर बसायचं, समोरून खोकी जातात, त्यांच्यावरची चिठ्ठी सरळ चिकटली आहे का बघायची. उठायचं नाही. मला! ज्या खोलीत मी उभं आयुष्य काढलं, जिथल्या प्रत्येक स्क्रूचा आवाज मला ओळखू येतो, ती सोडून स्टुलावर! माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते येऊ दिलं.

"मी जाते पॅकिंगला," मी म्हणाले. "फक्त आठवडाभर द्या. यांना शिकवून जाते."

तो आठवडा मी जावयांना सोडलं नाही. पहिल्या दिवशीची बोलणी उशिरा का होईना, सगळी दिली, वर व्याजही दिलं. पोतं ओतताना हॉपरला लावलंस? पुन्हा कर! पाठ का वळवलीस? आवाज ऐक, डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस! तू कधी झालं आणि तुम्ही कधी गेलं मला कळलंही नाही. मिस्त्रीनं त्यांना बसायला एक घडीचा स्टूल आणून दिला, भिंतीला लावून ठेवायचा, हॉपरपासून लांब. टाचेला मऊ तळवे मी आणले. ते सगळं ऐकत, करत, मान हलवत. पण बोलत नव्हते. 'हो आई', 'बरं आई', संपलं. तो नेहमीचा हसरा चेहरा कुठे गेला होता कोण जाणे.

आणि ठकी! तिला कारखान्यातूनच कुणीतरी सगळं मीठमसाला लावून सांगितलं. मी गेले तर दारातच उभी. "माझ्या नवऱ्याला चारचौघांत गाढव म्हणालीस?"

"अगं, रेघ..."

"रेघ गेली खड्ड्यात. एवढा मान ठेवतात तुझा. आता रोज भावाचा फोन आला की आतल्या खोलीत जाऊन बोलतात. मला काही सांगत नाहीत. गेलोच आम्ही, तर तुझ्यामुळे जाऊ."

त्या दिवसापासून तिनं माझ्याशी अबोला धरला. डबा दिला तर घ्यायची, पण शब्द नाही. म्हणजे बघा माझी गंमत. तिला ठेवून घ्यायला मी माझी खोली सोडली, आणि तिला घालवायचं कामही मीच केलं. पॅकिंगच्या स्टुलावर बसून मी हाच विचार करायचे. पाय खाली पोचायचे नाहीत, नुसते हलत राहायचे. खोकी जात राहायची. कुणाची चिठ्ठी वाकडी आणि कुणाची सरळ, मला काही दिसत नव्हतं. मापाच्या खोलीच्या काचेवरून जाताना मी मान वळवत नव्हते, नाहीतर आत शिरले असते.

महिना होत आला होता. एका दुपारी पॅकिंगशेजारच्या ऑफिसातली मुलगी धावत आली. कामावर फोन जवळ ठेवू देत नाहीत, म्हणून निरोप ऑफिसात येतात. "तुमच्या ठकीला कळा सुरू झाल्या. शेजारणीनं इस्पितळात नेलंय. पाहुण्यांना बोलावलंय."

मी स्टुलावरून उडीच मारली. धावत निघाले. माझं वय काय, गुडघे काय, कशाचं भान नाही. मापाच्या खोलीचं दार ढकललं. आत यंत्राचा धडधडाट. जावई पॅनेलपाशी, आणि मी दारातून सरळ आत, धाप लागलेली, डोळ्यांपुढे अंधारी. पडू नये म्हणून जे हाताला लागलं ते धरलं.

"हात!" जावई ओरडले. त्या माणसाचा एवढा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "हात काढा आधी! दिसत नाही का कशाला टेकताय ते? काढा!"

मी बघितलं. माझा पंजा डिंकाच्या हॉपरवर होता. माझा! मी हात असा मागे घेतला की कोपर भिंतीला आपटलं. जावई रेघेकडे बघत होते. ती खाली गेली, वर आली, जागेवर बसली. "या एवढ्या वेळातला माल बाजूला," त्यांनी खाली निरोप दिला. मग माझ्याकडे वळले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. तोंड उघडंच राहिलं.

आणि मला, सांगते तुम्हाला, इतकं बरं वाटलं! परक्या माणसाला कुणी असं ओरडत नाही.

"ठकीला कळा सुरू झाल्या," मी म्हणाले. "इस्पितळात नेलंय. पळ."

त्यांनी कोट अर्धा काढला आणि थबकले. रेघेकडे बघितलं. पाळी मधेच थांबवली तर आतलं सगळं फेकावं लागतं, आणि ते माप दुसऱ्या कुणाला येत नाही. माझ्याशिवाय.

"आई, तुम्ही जा तिच्याजवळ," ते म्हणाले. "मी थांबतो."

ते अगदी खरं बोलत होते, डोळे पाण्यानं भरले होते. मला जायचं नव्हतं का? माझ्या एकुलत्या एका लेकीचं बाळंतपण. माझे पाय दाराकडे निघालेसुद्धा होते. पण ती माझ्याशी बोलत नव्हती, आणि तिला त्या घटकेला कोण हवं होतं ते मला माहीत होतं.

"तिनं तुला बोलावलंय," मी म्हणाले. "रेघ मी बघते. आणि हे बघ, तुझ्या मनात भावाकडे जायचं असेल तर जा, माझं काही म्हणणं नाही. मी तुला बोलले ते..."

"कुठे जायचंय?" जावई गोंधळून म्हणाले. "मॅडमनी काल कायम केलं. दादाला रात्रीच कळवलं, येत नाही म्हणून. ठकी बोलली नाही तुम्हाला?"

"ती माझ्याशी बोलते कुठे!"

ते हसले. किती दिवसांनी हसले. दारापर्यंत धावले, लंगडत, आणि तिथून वळून मोठ्यानं म्हणाले, "आई, टेकू नका हं!"

मग ते गेले. मी खोलीच्या मधोमध उभी राहिले, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. तिकडे माझी लेक कळा देत होती, इकडे रेघ चालली होती. पाळी संपेपर्यंत मी तिथून हलले नाही.